उरल्या मालाचं बाकडं

माणिकराव, तुमच्या चितेला अग्नी दिला तेव्हा पेडगावच्या स्मशानात आम्ही सगळे उभे होतो. ऊन असं होतं की उडता कावळा भाजून खाली पडला. मी स्वतः बघितला, आणि समजा नसेल बघितला, तरी त्या उन्हात तो पडायलाच पाहिजे होता. तुमचे थोरले चुलते, ज्यांना घरातून अंगणात यायला दोन माणसं लागतात, ते बाभळीच्या बुंध्याला टेकून पाय बदलत उभे. जरा टेकायला तिथं साधा दगडसुद्धा नव्हता. ते बघून मला रडू यायच्या आधी राग आला. नानासाहेबांचा आला, गावाचा आला, पण पहिला आला तो तुमचा. तुम्ही सरणावर होता म्हणून वाचलात.

आपण साडू. दोघी बहिणी आपल्या घरांत आल्या, थोरली माझ्याकडं, धाकटी सुमन तुमच्याकडं, आणि त्यांच्यापायी आपली गाठ पडली. नाहीतर तुमच्यासारख्या माणसाशी मी कशाला बोलतो? माझ्या पोरीच्या हळदीला सगळं वऱ्हाड नाचत होतं आणि तुम्ही मांडवाच्या मागं उकिडवे बसून, मांडववाल्यानं फेकलेले वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ करत होता. नवरदेवाकडच्या लोकांनी तुम्हाला मांडववाल्याचा माणूस समजून आणखी दोन दोऱ्या बांधायला सांगितल्या. तुम्ही बांधल्या. वर त्यांना गाठ कशी मारावी म्हणजे दोरी कापावी लागत नाही, हेही शिकवलंत. मी लाजेनं पाताळात गेलो, तिथं पाणी लागलं म्हणून परत आलो.

तुम्ही परभणीत घरं बांधायचे ठेके घ्यायचात, आणि माझा ट्रॅक्टर. येताना वाळू-मुरूम टाकायचा, जाताना मलबा भरून न्यायचा, हा माझा धंदा. बाकीच्या ठेकेदारांनी मला कधी उपाशी ठेवलं नाही. फुटक्या विटा, दगड झालेल्या सिमेंटच्या गोण्या, सळ्यांचे तुकडे, फरशीचे तुटके कोपरे, असा मलबा मी त्यांच्याकडून इतका काढला की गावाबाहेर त्याची टेकडी झाली आणि एका पावसाळ्यात ढग तिला अडकून तीन दिवस तिथंच गळत बसला. तुमच्या साइटवरून मात्र माझी ट्रॉली रिकामी. फुटकी वीट तुम्ही गच्चीच्या कोब्याला राखून ठेवायचात. गिलावा करताना भिंतीखाली पोतं अंथरायचात आणि त्यावर पडलेला माल घमेल्यात भरून वरच्या मिस्त्रीला परत द्यायचात. सळई कापायच्या आधी जमिनीवर खडूनं आखून अर्धा दिवस तिच्याकडं बघत बसायचात, जणू पोरगी द्यायची आहे तिला. मिस्त्री लोक तुमच्या तोंडावर "मालक" म्हणायचे आणि पाठीमागं "चिकट". मी दोन्हीकडं चिकटच म्हणायचो.

एकदा मी चिडून म्हणालो, "माणिकराव, माझ्या पोटावर पाय द्यायलाव तुमी. मलबाच न्हाई तर मी काय भरू?"

तुम्ही वर न बघता म्हणालात, "रिकामी ट्रॉली पेडगावाकडं जायचीच हाय ना. मंग माझे साचे न्या."

ते साचे. त्यांच्यावर आता बोललंच पाहिजे.

स्लॅबचा दिवस म्हणजे आपल्याकडं घरात लग्नच. मशीनपुढं नारळ फुटतो, गँग ओरडत असते, मालकीण गोडाचा स्वयंपाक करते. आणि काँक्रीटचा माल कमी पडायची सगळ्यांना एवढी धास्ती, की जास्तीचाच कालवतात. उरलेला मग ढकलायचा समोरच्या नालीत. परभणीतल्या नव्या नगरांतली नाली अशी बुजत बुजत गेली आहे की तिच्यात पाणी वाहत नाही, नुसते स्लॅब वाहतात. ते सगळे जोडले तर माणूस चप्पल न भिजवता पूर्णेपर्यंत जाईल आणि पूर्णाही ओलांडून जाईल. तुम्ही मात्र स्लॅबच्या आदल्या दिवशी पत्र्याचे साचे तेल लावून तयार ठेवायचात. माल उरला की त्यात. कुणाला नालीवरचं झाकण, कुणाला धुण्याचा दगड, कुणाच्या गुरांना पाण्याची डोण. आठवड्यानं साचा सोडवून माझ्या रिकाम्या ट्रॉलीत टाकायचात, पेडगावात कुणाच्याही दारात उतरवायला. फुकट.

मी त्याला येडेपणा म्हणत राहिलो, पण खाल्लंय मीही त्यातलं. आमच्या दारची डोण तुमचीच आहे. घराच्या पायऱ्या तुम्ही शहाबादी फरशीच्या उरल्या तुकड्यांच्या केल्यात, एकाचा रंग दुसऱ्याला नाही, आणि आलेला माणूस आधी त्या पायऱ्या बघतो, मग मला. मी सगळ्यांना सांगत आलो की राजस्थानातून कारागीर आणवले होते, ते उंटावरून आले आणि उंट परत जायला तयार नव्हते. तुमचं नाव मी एकदाही सांगितलं नाही, आणि तुम्ही शेजारी बसून ऐकायचात, हसायचात, एकदाही म्हणाला नाहीत की मी केल्या.

नानासाहेबांचा स्लॅब टाकला तो दिवस मला घमेल्याघमेल्यानं आठवतो. नानासाहेब म्हणजे कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, पांढरं धोतर, बोलणं असं गोड की मुंग्या लागाव्यात. परभणीत जिंतूर रोडला घर बांधत होते. माल उरला. तुमचा एक लांबडा साचा रिकामा होता, त्यात तुम्ही भरायला लागलात. नानासाहेबांनी विचारलं, हे काय? तुम्ही सांगितलं, बाकडं. आमच्या पेडगावात लोकांना बसायला. नानासाहेबांचा चेहरा उजळला. मशीनचा धडधडाट चालू होता, गँग वर होती. खाली आपण तिघंच, आणि माझ्या हातात पाण्याची बादली.

"मग आमचं नाव टाका की त्यावर," नानासाहेब म्हणाले. "लोक बसतील, नाव वाचतील, बरं वाटंल."

तुम्ही खिळा घेतलात आणि ओल्या मालावर ते सांगतील तसं नाव कोरलंत. आडनावासकट. त्यांनी वाकून बघितलं, एक काना वाकडा आलाय म्हणून दुरुस्त करायला लावला, आणि तुम्ही केला.

आठवड्यानं ते बाकडं ट्रॉलीत चढवल्यावर मी विचारलं, कुठं उतरवायचं? तुम्ही म्हणालात, स्मशानात. तिथं म्हातारी माणसं मयताला येतात आणि जळेपर्यंत उभी राहतात, बसायला काही नाही.

"माणिकराव, त्याच्यावर नाव हाय," मी म्हणालो.

"त्यांनीच सांगितलंय टाकायला."

"जागा सांगितली का त्यांना?"

"त्यांनी इचारली न्हाई."

असे तुम्ही. विचारलं तेवढंच सांगणार, आणि त्यालाच खरेपणा म्हणणार. आपल्याकडं स्मशानातल्या बाकड्यावर नाव कुणाचं असतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण तुमच्या डोक्यात फक्त एवढंच की म्हाताऱ्यांना बसायला पाहिजे. मी उतरवलं. माझ्या ट्रॅक्टरचं इंजिनसुद्धा नको नको म्हणत होतं.

पुढचं सांगायला मला काही वाढवावं लागत नाही, जे घडलं तेच माझ्या तोंडात शोभेल असं होतं. गावात एक मयत झाली. परभणीहून लोक आले, बाकड्यावर बसले, उठताना नाव वाचलं. संध्याकाळपर्यंत परभणीभर झालं की नानासाहेब गेले. कचेरीतल्या जुन्या लोकांनी शोकसभेची वेळ ठरवली. चारठाण्याहून त्यांचे मेहुणे हार घेऊन, रडत रडत, मिळेल त्या गाडीनं आले. दार उघडलं खुद्द नानासाहेबांनी, तोंडात दात घासायचा ब्रश. मेहुणे उंबऱ्यातच आडवे झाले. तो हार शेवटी नानासाहेबांनीच त्यांच्या डोक्याखाली घातला, टेकायला दुसरं काही सापडेना म्हणून.

दुसऱ्या दिवशी ते तुमच्या नव्या साइटवर आले. सोबत अर्धं नगर. हसण्यावारी न्यायला जागा होती, मी तोंड उघडणारच होतो. पण म्हाताऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "या माणसानं माझ्या घरचा माल चोरून नेला आणि मला जिवंतपणी स्मशानात बसवलं."

चोरून. नाव कोरताना काना दुरुस्त करायला लावणारा माणूस चोरून म्हणाला. तुम्ही त्यांच्याकडं एकदा बघितलंत आणि मान खाली घातलीत. मी पुढं झालो तर तुम्ही माझं मनगट असं धरलंत की माझ्या बोटांना मुंग्या आल्या.

लोक गेल्यावर आपण भांडलो ते अजून संपलेलं नाही. मी म्हणालो, एक खोटं बोला, एकच. म्हणा की ते दुसरे नानासाहेब, परभणीत नानासाहेब काय कमी हायत का? मी आयुष्यभर पोत्यांनी खोटं बोललोय, त्यातलं एक उसनं देतो. तुम्ही नाही म्हणालात. बरं, मग खरं बोला, मी म्हणालो. नाव टाका असं त्यांनीच सांगितलं होतं, एवढं चारचौघांत म्हणा. त्यालाही नाही.

"म्हातारं भ्यालंय, बापूराव," तुम्ही म्हणालात. "सोताच्या मौतीची बातमी ऐकलीय त्यानं. त्याला आनखी लोकांसमोर खोटं पाडू का?"

"मंग तुमी चोर ठरा."

"चार दिवस बोलतेल लोकं, इसरतेल."

खोटं बोलायचं नाही, खरं बोलायचं नाही, मग देवानं तोंड काय तंबाखू ठेवायला दिलंय का, असं मी विचारलं. माझा एकट्याचा बोलायचा विचार होता, पण तुमच्या बाजूचा साक्षीदार म्हणजे मी. ज्यानं सांगितलं होतं की त्याच्या म्हशीनं गोदावरीतून पोहत जाऊन गंगाखेडच्या बाजारात स्वतःचा भाव ठरवला. मी काही म्हणालो असतो तर लोक थाप समजून हसले असते, वर चहाही मागितला असता.

मग त्या बाकड्याचं काय करायचं, हे निघालं. नानासाहेब म्हणाले, स्मशानात ठेवायचं नाही. त्यांच्या घरी आणू का, तर भटजींनी कानावर हात ठेवले, स्मशानात जाऊन आलेली वस्तू घरात येत नाही. बसथांब्यावर ठेवू म्हटलं, तिथल्या पानटपरीवाल्यानं हात जोडले. शाळेनं गेट लावून घेतलं. ते बाकडं माझ्या ट्रॉलीत इतके दिवस फिरलं की त्याला जिल्ह्यातले सगळे रस्ते पाठ झाले. वळण आलं की मला आधी तेच सांगायचं. कुणी घेईना, अन् मला फेकवेना. शेवटी तुम्ही ते तुमच्याच अंगणात उतरवून घेतलंत आणि घण घेतलात.

बाकी लोक म्हणतील, राग काढला. मी तिथं होतो. तुम्ही हळूहळू फोडलंत, कडेकडेनं, नावाला शेवटी हात घातलात. आतल्या सळ्या निघाल्या त्या पायाखाली धरून सरळ केल्यात, भिंतीला टेकवून ठेवल्यात. खडी गोठ्याच्या जोत्यात भरलीत. वाया काहीच गेलं नाही. सुमन दारात उभी होती. तिनं तेव्हा मला पाणी विचारलं, तुम्हाला नाही.

चार दिवसांत लोक विसरतील म्हणालात ना? तुमच्या पुढच्या स्लॅबला मालकानं अट घातली की उरलेला माल त्याच्या डोळ्यांसमोर नालीत टाकायचा, कुठल्या स्मशानात जायला नको. त्याच्यापुढच्यानंही. मग ते परभणीत सगळीकडंच झालं, तुमचं काम असो की दुसऱ्या कुणाचं. मालक बायकोपोरांसकट नालीच्या कडेला उभा राहणार, शेवटचं घमेलं आत पडलेलं बघणार, मगच जेवायला बसणार. काही जण तर वर हळदकुंकू टाकतात आता. आधी लोक आळसानं टाकायचे, आता भक्तीनं टाकतात. तुम्ही आयुष्यभर जे थांबवायला गेलात, त्याचा तुमच्या नावानं रिवाज पडला. आणि तुम्हाला कामं मिळायची बंद झाली, कारण स्मशानवाला ठेकेदार नवीन घराला कोण बोलावणार?

तुम्ही नांदेडकडं गेलात. सुमननं सगळ्यांना सांगितलं की तिकडं मोठं काम घेतलंय, सात-आठ मजल्यांचं. तुम्ही खोटं बोलत नव्हता, पण तिला बोलू दिलंत. हा हिशेब तुमच्या खरेपणात कुठं बसतो, हे मला तुम्हाला विचारायचं होतं.

मी एकदा त्या बाजूला वीट टाकायला गेलो तेव्हा वाकडी वाट करून तुम्हाला भेटायला आलो. काम सात-आठ मजल्यांचंच होतं, पण दुसऱ्याचं. तुम्ही गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मजुरांची हजेरी मांडत होता. तुमच्या मागं मलब्याचा ढीग, असा की माझ्यासारख्या माणसाला वाढवून सांगायला शब्द सुचेना. अख्ख्या टाइलच्या पेट्या, पावसात भिजून दगड झालेलं सिमेंट, हातभर लांबीच्या चांगल्या सळ्या. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही खुर्ची अशी फिरवून ठेवली होती की ढिगाकडं पाठ राहील.

"साहेबाला सांगत न्हाई का?" मी विचारलं.

"सांगितलं एकदा," तुम्ही म्हणालात. "म्हने काका, तुमी हजेरी बघा."

चहा पाजलात. निघताना म्हणालात, घरी बोलू नका. मी म्हणालो, परत चला, मी नानासाहेबाला भर चौकात उभा करतो. तुम्ही नुसती माझ्या ट्रॉलीच्या फळक्याची निसटलेली कडी बसवून दिलीत. तेच शेवटचं. त्याच खुर्चीत तुम्ही गेलात, भर दुपारी, हजेरी मांडता मांडता, आणि लोकांना वाटलं डुलकी लागली.

परवा तुमचं तेरावं झालं. जेवणं झाल्यावर मांडवात बोलायला उभे राहिले कोण, तर नानासाहेब. थकलेत आता, पण आवाज तोच. म्हणाले, माणिकराव म्हणजे काटकसरीचा आदर्श. माझा स्लॅब त्यांनीच टाकला, घमेलंभर माल वाया जाऊ दिला नाही. पुढं नांदेडकडं केवढी प्रगती केली. दस्तीनं डोळे पुसले. खरे पुसले, तेच वाईट. लोकांनी माना डोलावल्या. मग कुणीतरी म्हणालं, बापूराव, तुम्ही बोला, तुम्ही साडू.

मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. बादली माझ्या हातात होती, नाव टाका म्हणून नानासाहेबांनीच सांगितलं, काना दुरुस्त करून घेतला, आणि माणिकरावांनी त्यांना खोटं पाडायचं नाही म्हणून चोर होणं पत्करलं. नानासाहेबांपायी परभणीतला चांगला ठेकेदार नांदेडात दुसऱ्याच्या गेटवर हजेरी मांडत मेला. एक शब्द वाढवला नाही. माझा मलाच आवाज ओळखू येईना.

आधी मागं कुणीतरी फुसकन् हसलं. मग मांडव हसायला लागला. काना दुरुस्त केला म्हणतोय, कुणीतरी म्हणालं, आणि लोकांनी मांड्यांवर हात मारले. तेराव्यालासुद्धा बापूराव थापा मारायचं सोडत न्हाई. तुमचे थोरले चुलते बोळक्या तोंडानं हसत होते. नानासाहेबही हसले, पण माझ्याकडं न बघता. मी उभा राहून बघत होतो, आणि मला बसावं की नाही कळत नव्हतं.

पांगापांग झाल्यावर सुमन मागच्या दारी भांडी गोळा करत होती. माझ्याकडं पाठ करूनच म्हणाली, "दाजी, ते तिकडं हजेरी मांडायला होते, हे सांगायचं न्हवतं."

"खरं हाय ते, सुमन."

"मला ठाव हाय." तिनं एका ताटातलं उष्टं दुसऱ्यात काढलं. "लोकं हसले म्हनून बरं झालं."

माणिकराव, तुमच्या बाजूनं मी आयुष्यात एकदा साक्ष दिली आणि ती थाप म्हणून सगळ्यांच्या कामी आली. नानासाहेबांची अब्रू राहिली. सुमनचीही राहिली. तुम्ही मांडवात असतात तर माझं मनगट सोडून तुम्हीही हेच म्हणाला असतात, की बरं झालं, बापूराव. त्याचाच मला राग येतो, आणि तो कुठं नेऊन उतरवावा, हे सांगायला तुम्ही नाहीत.